शाळेचे खातेदार

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट लागला आणि संगमेश्वराचे नाव एकाएकी साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आले. छत्रपती संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगलांनी पकडले ते इथेच, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेले असते. पण पडद्यावर पाहिले तेव्हा अनेकांना ती जागा डोळ्यांनी पाहावीशी वाटली. कसब्यात गाड्या येऊ लागल्या. मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात इथे महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. चांगलेच झाले. एरवी मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला संगमेश्वर म्हणजे शास्त्री नदीचा पूल, सोनवीचा पूल, गर्दीचा बाजार आणि रखडलेल्या चौपदरीकरणाची धूळ, एवढीच ओळख होती. फार तर कर्णेश्वराच्या देवळाची वाट कुणी विचारली, तर विचारली.

स्मारक पाहायला येणाऱ्याने जाता जाता बाजारातल्या आणखी एका नावाची चौकशी करावी, असे मला वाटते. ते नाव म्हणजे 'पैसा फंड'. संगमेश्वरात हे दोन शब्द उच्चारले, की माणसे शाळेकडे बोट दाखवतात. व्यापारी पैसा फंड ही संस्था आणि तिचे पैसा फंड इंग्लिश स्कूल. (शहरातल्या वाचकांसाठी सांगते : कोकणात 'इंग्लिश स्कूल' नावाच्या शाळा गावोगाव आहेत आणि त्या मराठी माध्यमाच्या असतात. जिथून इंग्रजी शिकायला सुरुवात व्हायची ती इंग्लिश स्कूल, असा साधा हिशोब होता.) माझे आजोळ याच तालुक्यातले. लहानपणी हे नाव कानांवरून इतक्या वेळा गेले, की त्यात काही वेगळे आहे हे जाणवलेच नाही. पुढे साडेतीन दशके बँकेत नोकरी केली. तिथे खात्याच्या नावावरून खातेदार ओळखायची सवय लागली. आणि मग एकदा लक्षात आले, की या नावात व्यापारी आहेत, पैसा आहे, फंड आहे, पण कुणा थोर पुरुषाचे, पुढाऱ्याचे किंवा मोठ्या देणगीदाराचे नाव नाही.

'पैसा फंड' ही कल्पना मुळात अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योगांना हात द्यावा, असे त्यांचे म्हणणे. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाचा हा पैसा. म्हणजे अगदी हमालालाही देता येईल असा. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याचे पुढे काय काय झाले तो वेगळा विषय. पण थोड्याथोडक्यांचे पुष्कळ आणि पुष्कळांचे थोडे, हा विचार मराठी मुलखात रुजला आणि त्या नावाने एका बाजारपेठेत शाळा चालू राहिली, ही मला कारखान्याइतकीच मोठी गोष्ट वाटते.

बँकेतल्या कुठल्याही शाखाधिकाऱ्याला विचारा. शाखेत एकच बडा ठेवीदार असला, की आकडे छान दिसतात आणि झोप लागत नाही. त्याने एके दिवशी पैसे उचलले, की शाखा कोसळली. उलट हजार माणसांच्या हजार लहान ठेवी असलेली शाखा कटकटीची असते. रोज रांग, रोज सह्या, रोज कुणाचे तरी पासबुक हरवलेले. पण ती शाखा हलत नाही. कोकणातल्या माध्यमिक शाळा या दुसऱ्या प्रकारच्या शाखा होत्या. आज त्यांचे खातेदार कमी होत आहेत, आणि पहिला फटका बसतो आहे तो शाळेच्या अशा भागाला, ज्याची नोंद कुठल्याही निकालपत्रकात होत नाही.

निकालपत्रक तर दृष्ट लागण्यासारखे आहे. कोकण विभागीय मंडळाची स्वतंत्र परीक्षा २०१२ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे राज्यात पहिले. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणाचा ९९.०१. २०२५ मध्ये राज्याचा ९४.१०, कोकणाचा ९८.८२. दर मे-जूनमध्ये वर्तमानपत्रांत 'कोकण पुन्हा अव्वल' असे मथळे येतात आणि आपण मुंबईतल्या शेजाऱ्यांना पेढे वाटतो.

आता दुसरा आकडा पाहा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. साऱ्या देशाची माणसे वाढत असताना या जिल्ह्याची ऐंशी हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे बायका अकराशेच्या वर, म्हणजे कमावते पुरुष कुठे आहेत हे सांगायला नकोच. त्यानंतरची जनगणना लांबली, पण वाडीवस्तीवर कुलूप लागलेली घरे मोजायला सरकारी माणूस लागत नाही. पूर्वी मुंबईला एकटा बाप जायचा आणि बायकोमुले गावी राहायची. आता तो विरारला, दिव्याला किंवा बदलापूरला खोली घेतो आणि पोरे तिथल्या शाळेत जातात. त्याला कोण नावे ठेवणार? बापाबरोबर राहणे हा मुलांचा हक्कच आहे. पण गावच्या शाळेचा पट त्यामुळे ओसरला.

पट ओसरला म्हणून निकाल घसरत नाही. वर्गात पंधरा मुले असली, तर शिक्षक एकेकाची तयारी करून घेतो आणि सगळी पास होतात. निकालाला कमी पट मानवतो. मानवत नाही तो कबड्डीला. मैदानात सात आणि राखीव पाच, असे बारा खेळाडू लागतात. दहावीच्या वर्गात मुलगे आठ असले, तर संघ कसा काढायचा? खो-खोला मैदानात नऊ. लेझीमच्या पथकाला किमान चाळीस तरी. समूहगीताला चार आवाज पुरतात असे कागदावर म्हणता येईल, पण चार आवाजांत बेसूर आवाज लपत नाही, आणि बेसूर मुलालाही गाता आले पाहिजे ना!

स्नेहसंमेलनाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. शहरात हल्ली संमेलन म्हणजे भाड्याचे सभागृह, भाड्याचा नृत्यदिग्दर्शक आणि चित्रपटाच्या गाण्यांवर कवायत. कोकणातल्या शाळेचे संमेलन ही गावची जत्रा असते. बाके जोडून रंगमंच, कुणाच्या तरी पडवीतून आणलेले पडदे, बाजारातल्या कापडवाल्याने उसने दिलेले शेले. जो बाप पालकसभेला कधी फिरकत नाही, तो संमेलनाला पहिल्या रांगेत घोंगडी टाकून बसतो. आणि इथे एक गोष्ट घडते, जी वर्षभर वर्गात घडत नाही. संगमेश्वरी बोलीला त्या रात्री परवाना मिळतो. वर्गात तीच बोली निघाली, की गुरुजी दुरुस्त करतात. तसे करणे त्यांचे कामच आहे, प्रमाण मराठीत पेपर लिहायचा असतो. पण संमेलनातल्या नमनात संकासुर आणि गवळणी यायच्या त्या घरची भाषा बोलत. पोरगा आजीसारखा बोलला, की मांडवात हशा उसळायचा आणि आजीला कळायचे, की आपले बोलणे शाळेच्या रंगमंचावर चालते. अलीकडे संगमेश्वरी बोलीतले कार्यक्रम तिकीट लावून होतात आणि शहरांतही टाळ्या घेतात. त्यांतल्या कलावंतांना कोणत्याही अकादमीने तयार केले नाही. त्यांची तालीम गावच्या नमनाच्या फडात आणि शाळेच्या असल्या रंगमंचांवर झालेली असते.

मुलींच्या बाबतीत तर संमेलनाचे मोल आणखी वेगळे होते. मी सत्तरच्या दशकात शाळेत होते. चार माणसांसमोर मोठ्याने बोलणारी मुलगी 'आगाऊ' ठरायची तो काळ. संमेलनात मात्र झाशीची राणी मोठ्यानेच बोलायची असते! बाईंनी निवडले आहे म्हटल्यावर घरच्यांचाही इलाज नसायचा. बँकेच्या मुलाखतीत तीन साहेबांसमोर माझी वाचा बसली नाही, याचे श्रेय मी अंकगणिताला देत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. जिल्ह्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथल्या एका शाळेच्या मुदतठेवींचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा. एकेक पावती पाचशे रुपयांची, हजाराची, क्वचित दोन हजारांची. प्रत्येकीला एक अट शिवलेली. कै. अमक्यांच्या स्मरणार्थ, संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास. कै. तमकीच्या स्मरणार्थ, सर्वांत नियमित हजर राहणाऱ्या मुलीस. उत्कृष्ट हस्ताक्षरास. हस्तलिखिताच्या संपादकास. वक्तृत्वास. एक पावती तर 'पावसाळ्यात होडीने येणाऱ्या विद्यार्थ्यास' अशीही होती, आणि पूल झाल्यावर तिचे बक्षीस कुणाला द्यायचे हा शाळेपुढे खराच प्रश्न पडला होता. ठेवणारे कोण? मुंबईच्या छापखान्यातून निवृत्त झालेला जुळारी, मुलगा गेलेली विधवा, किराणा दुकानदार, पोस्टातला कारकून. बँकेच्या दृष्टीने या पावत्या म्हणजे डोकेदुखी. पाचशेच्या ठेवीचे नूतनीकरण करायला जो कागद, जी शाई आणि जो कारकून लागतो, त्याचाच खर्च अधिक. शाखेत त्यावर विनोदही व्हायचे.

पण हिशोब लावून पाहा. तेव्हा व्याज सहज अकरा-बारा टक्के होते. पाचशेवर वर्षाला पंचावन्न-साठ रुपये यायचे. त्यात एक चांगले पुस्तक किंवा शाईचे पेन यायचे आणि वर पाच-दहा रुपये उरायचे. आज व्याज साडेसहा-सातच्या आसपास. त्याच पाचशेवर पस्तीस रुपये. आणि पुस्तकांच्या किमती आपण सगळे जाणतोच. म्हणजे ठेव तशीच आहे, अट तशीच आहे, नाव तसेच आहे, आणि बक्षीस संपले आहे. अशा पावत्या कोकणातल्या किती शाळांच्या कपाटांत असतील! त्या ठेवणाऱ्याला आपण मेल्यावरही शाळेत आपल्या नावाचा पुकारा होईल असे वाटले होते. त्या आशेवर त्याने पोटाला चिमटा काढून पाचशे रुपये बाजूला ठेवले. त्या माणसाचा शाळेशी संबंध मूल शाळेत असेपर्यंतचा नव्हता, तो कायमचा खातेदार होता.

मुलांनाही हे खातेदारपण शिकवले जायचे. राष्ट्रीय बचतीच्या प्रचारातून शाळाशाळांत संचयिका निघाल्या होत्या. मुलांनीच चालवायची बँक. खजिनदार मुलगाच, खातेवहीही त्याच्याच हाती, चार आणे भरले तरी नोंद. माझ्या पाहण्यातल्या शाळांत आता ती कुठे नाही.

गावच्या पैशाला मुंबईच्या पैशाची जोड होती, तीही पाहायला हवी. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाचे मंडळ होते. गावच्या हायस्कुलाची कौले बदलायची, प्रयोगशाळा बांधायची, तर मंडळ परळच्या दामोदर नाट्यगृहात मदतीचा प्रयोग लावायचे आणि तिकिटे चाळीचाळीत खपवायचे. गिरणीच्या खात्यात पगाराच्या दिवशी वर्गणी निघायची. पुन्हा तेच : पुष्कळांचे थोडे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा झरा आटत गेला. संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा धक्का दोन-तीनशे किलोमीटरवरच्या शाळांच्या संमेलनांना आणि छपरांना बसला, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. ते जुने दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.

सरकारचे काय, असे वाचक विचारतील. सरकार पगार देते, ही लहान गोष्ट नव्हे. त्या जोरावरच दुर्गम खेड्यांत हायस्कुले टिकली. पण पगाराखेरीज जो खर्च, त्याचे वेतनेतर अनुदान मध्यंतरी बरीच वर्षे बंदच होते, ते २०१३ पासून पुन्हा सुरू झाले. खडू, वीज, दुरुस्ती यांतच ते संपते. कला आणि खेळ यांच्या शिक्षकांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, असे म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण डोंगरावरच्या शाळेत तीन वर्ग मिळून शंभर मुले आणायची कुठून? मग चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले, की त्यांच्या जागी कुणी येत नाही. विज्ञानाच्या बाई चित्रकलेचा तास 'सांभाळतात'. पी.टी.च्या तासाला मुलांना मैदानात सोडून देतात, नाहीतर इंग्रजीचा राहिलेला धडा घेतात.

त्यात १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे किती पटाला किती शिक्षक याचे, निकष बदलले. कमी पटाच्या शाळांची पदे धोक्यात आली म्हणून शिक्षक संघटनांनी आंदोलने केली. गंमत अशी, की त्याच महिन्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही सरकारने जाहीर केला. त्या वर्षारंभी 'माझी शाळा, सुंदर शाळा' हे बक्षिसांचे मोठे अभियान झाले होतेच. एका हाताने शनिवार आनंदाचा करायचा आणि दुसऱ्या हाताने तो आनंद शिकवणारा माणूस कमी करायचा!

उपक्रम नाहीत असे आज कुणी म्हणणार नाही. उलट उपक्रमांचा पाऊस आहे. दिन, सप्ताह, पंधरवडा, प्रतिज्ञा, रॅली. प्रत्येकाचा फोटो काढायचा, अहवाल भरायचा, दुव्यावर टाकायचा. पण यातला बहुतेक कार्यक्रम वरून येतो आणि फोटो निघाला की संपतो. हस्तलिखित काढायला तीन महिने लागत. विषय ठरवायचा, लेख मागायचे, खाडाखोड करायची, सुवाच्य अक्षराचा मुलगा धरून आणायचा, चित्रे काढून घ्यायची आणि अखेर एकच प्रत तयार व्हायची. तिचा फोटो काढून काही उपयोग नव्हता, ती हातात घेऊन पाने उलटावी लागत. आज मुलांकडे चांगले फोन आहेत आणि हस्तलिखित आपोआप छापील, रंगीत होऊ शकते. अडते ते तीन महिने बरोबर बसणाऱ्या शिक्षकापाशी.

शाळा सुटल्यावर थांबायचे तर एस.टी.चे वेळापत्रक आडवे येते. वाडीवरची मुले पाचच्या गाडीने गेली नाहीत, तर अंधारात चालत जातात. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एस.टी.चा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्याआधी करोनाने शाळा बंद होत्या. या दोन वर्षांत संमेलनाच्या तालमींची साखळी तुटली. दहावीची मुले आठवीच्या मुलांना लेझीम शिकवतात, तीच पुढे दहावीत जाऊन शिकवतात, ही शिकवण कुठल्याही पुस्तकात नसते. दोन वर्षे खंड पडला, की हात शिकवणारा हात उरत नाही.

तरीही काही शाळा नेटाने उभ्या आहेत. ज्या पैसा फंडाच्या नावापासून मी सुरुवात केली, त्या संगमेश्वरच्या शाळेत चित्रकलेसाठी स्वतंत्र कलादालन आहे. मुलांची चित्रे भिंतीवर टांगायला योग्य मानली जातात, हा विचारच मला मोठा वाटतो. शेजारच्या देवरुखात लक्ष्मीबाई पित्रे कलादालन आहे, कलाशिक्षणाचे महाविद्यालय आहे. तालुक्याच्या या कोपऱ्यात रंग आणि कागद यांना मान आहे, तो टिकवणारी माणसे आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसतात, इंटरमिजिएटमुळे दहावीला वाढीव गुणही मिळतात. गुणांसाठी का होईना, हातात ब्रश येतो!

मग कमी पटाच्या शाळा एकत्र करा, हा सल्ला मुंबई-पुण्यातून नेहमी येतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या प्राथमिक शाळांसाठी समूह शाळांचा विचार सरकारने पुढे केलाच होता. त्या सल्ल्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बारा खेळाडूंचा संघ, चाळीसांचे लेझीम पथक, वाद घालायला समोर दुसरी बाजू, हे मोठ्या शाळेतच मिळते, आणि आठ मुलांच्या वर्गात वाढणाऱ्या मुलाचे काही तरी हुकते हे मान्य करायला हवे. पण कोकणात दोन गावांमध्ये डोंगर असतो नाहीतर खाडी. नकाशावर चार किलोमीटर दिसणारे अंतर जुलैत चाळीस होते. आणि शाळा गेली, की त्या गावातला ठेवीदारही जातो. दुसऱ्या गावच्या शाळेसाठी कुणी पाचशेची पावती करत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी कंपनीने किंवा दात्याने दत्तक घ्यायच्या, आणि दात्याची इच्छा असेल तर त्याचे नाव तेवढी वर्षे शाळेच्या नावाला जोडायचे. खासगी अनुदानित शाळा या योजनेत येत नाहीत. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते यावरून कळते. मला दात्यांचा राग नाही. संगणक, स्वच्छतागृहे, बाके हे सगळे हवेच आहे. पण एका ठेवीदाराच्या शाखेविषयी मी वर जे लिहिले, ते इथेही लागू पडते. पाच वर्षांनी कंपनीचा व्यवस्थापक बदलला, की त्याला गावाचे नावही आठवणार नाही. पाचशेवाली विधवा मरेपर्यंत दर संमेलनाला येत होती.

म्हणून मला वाटते, शाळा एकत्र करण्याआधी शाळांचे सहजीवन एकत्र करून पाहावे. तीन-चार शेजारच्या हायस्कुलांनी मिळून एक कबड्डी संघ, एक हस्तलिखित, एक संमेलन. एक वर्ष या गावी, पुढच्या वर्षी त्या गावी. एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक उरले असतील, तर शनिवारी बाकीच्यांनी तिथे जावे. प्राथमिक शाळांना केंद्रशाळा आहे, माध्यमिक शाळांना अशी कुठलीच बैठक नाही, ती गावांनीच घालावी. जुन्या बक्षीसठेवींच्या पावत्या कपाटातून काढून त्यांची यादी करावी आणि ठेवणाऱ्यांच्या मुला-नातवंडांना पत्र टाकावे : तुमच्या आजोबांच्या पाचशे रुपयांत आता पेन येत नाही, भर घालता का? साधे पोस्टकार्ड पुरे. यातल्या निम्म्या माणसांना आजोबांनी अशी ठेव ठेवली होती हे ठाऊकही नसेल.

बाजारपेठेतल्या एका दुकानदाराशी मी हे बोलत होते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, पैशाचं काय नाय. पैसं देतील लोक. माझा नातू आता व्हॅननं इंग्रजी शाळेत जातो. मी कुठल्या शाळेचा म्हणून देऊ?" हा प्रश्न संगमेश्वरातच नव्हे, कोकणातल्या प्रत्येक बाजारात आज उभा आहे. मी त्याला विचारले, संमेलनाला जाता का? "जातो तर! पहिल्या रांगेत असतो," तो म्हणाला. आणि मग स्वतःच हिशोबाला बसला. तीन शाळांचे एक संमेलन करायचे, तर वाड्यांवरून मुले आणायला आणि रात्री परत सोडायला दोन गाड्या लागतील. शाळेच्या सहलीला एस.टी. निम्मे भाडे घेते, संमेलनाला ते मिळेल की नाही हे देवरूख आगारात विचारावे लागेल. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांच्या सहली असतात, गाड्या मोकळ्या नसतात. म्हणजे अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधीच द्यायला हवा.